बुडबुडे थांबेपर्यंत

ता. ८ जानेवारी, सोमवार

भावोजींना वहिनीचा नमस्कार.

मी बरी आहे. तुम्ही, आमच्या जाऊबाई, मुलगा आणि सूनबाई सगळे ठीक असाल असं धरून चालते. तुम्हाला फोनवर आता काही ऐकू येत नाही असं सूनबाई म्हणाली, म्हणून हा कागदाचा खटाटोप. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. तुमचे दादा म्हणायचे, हिनं लिहिलं की घमेल्यातून वाळू-सिमेंटचा माल सांडल्यासारखं दिसतं. सांभाळून घ्या.

हे गेल्याचं कळवल्यावर तुमचं कार्ड आलं होतं. त्यात तुम्ही एकच विचारलं होतं, की दादा महिनाभर अंथरुणाला खिळून होता तर मला आधी का कळवलं नाही. त्याला नऊ महिने झाले. मी ते विसरलेले नाही. सवडीनं लिहीन. आज काम वेगळं आहे.

मी मागच्या बागेला भिंत घालते आहे. हसू नका. तारेचं कुंपण गंजून आडवं झालं आणि शेजारच्या शिंप्याची बकरी रोज सकाळी माझ्या भाजीवर येऊन जाते. हे होते तोवर तिची छाती नव्हती. ह्यांनी ओट्यावरून नुसतं खाकरलं की ती पळायची. मी खाकरते तेव्हा ती चघळणं थांबवून माझ्याकडे बघते आणि पुन्हा चघळायला लागते. सगळा पालक फस्त झाल्यावर मी विटा मागवल्या, म्हणजे बैल गेला नि झोपा केला. शिंपी म्हणाला, अहो, मी बकरी बांधून ठेवतो, या वयात भिंत कशाला? मी म्हटलं, तुझी बकरी आहे तशी राहू दे, मला भिंत हवी आहे.

पंचवीस फूट लांब, तीन फूट उंच, नऊ इंची. पाया एका माणसाकडून खणून घेतला, बाकी मीच करणार. लेक रोज फोन करते. आई, घर विकून टाक आणि इकडे ये, एकटी काय करतेस तिथे? मी म्हणते, भिंत होऊ दे, मग बघू. ती विचारते, किती दिवस लागतील? आता एकट्या बाईला किती दिवस लागतील ते मी तरी कसं सांगू. माल कालवायचा मी, उचलायचा मी, लावायचा मी. काल पायात काँक्रीट टाकताना सवयीनं "माल" म्हणून हाक मारली, आणि मग स्वतःच उठून आणायला गेले. एरवी हाक मारणारे तुम्ही दोघं असायचात आणि आणणारी मी. शिंप्यानं कुंपणापलीकडून ऐकलं असावं.

तर विचारायचं ते हे, की विटा किती वेळ भिजवायच्या?

तुम्ही म्हणाल, ही आम्हालाच विचारते! दोन भावांच्या हाताखाली हिनं एवढी वर्षं विटाच तर भिजवल्या. खरं आहे. पण तुम्ही गाव सोडून गेल्यावर मी कामावर जायची बंद झाले, हात दुखतात म्हणून. बावीस वर्षांत माणूस विसरतो. ह्यांना विचारलं असतं, तर आता तेही नाहीत. बाकी ज्या गवंड्यांना विचारावं ते म्हणतात, आजी, नळी धरा आणि पाणी मारा, कोण भिजवत बसतंय.

घाई नाही. पण आठशे विटा दारात येऊन पडल्या आहेत आणि त्यांच्याकडे बघत बसण्यापलीकडे मला दुसरं काम नाही.

जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा, घेत असतील तर.

तुमची वहिनी


ता. २० जानेवारी, शनिवार

भावोजी,

कार्ड मिळालं. शिंप्याच्या सुनेनं पोस्टमनकडून घेऊन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, काकू, एवढंच लिहिलंय? मी म्हटलं, आमचे भावोजी ओळंबा आहेत. सरळ खाली येतात, इकडे तिकडे हलत नाहीत. ती बिचारी हसली, तिला ओळंबा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मग तिला दोरीला बांधलेलं ते वजन आणून दाखवलं, आणि कामावर सगळे तुम्हाला त्याच नावानं हाक मारायचे तेही सांगितलं. बऱ्याच दिवसांनी माझ्याशी कुणी पाच मिनिटं उभं राहून बोललं.

तुम्ही लिहिलंत, "विटा पाण्यात पूर्ण बुडवा. बुडबुडे थांबले की काढा. वरचं पाणी सुकू द्या, मग लावा. नुसतं वरून पाणी मारू नका."

पहिली तीन वाक्यं मी केली. शेवटचं वाक्य मात्र दोन दिवस डोक्यातून जाईना. तुम्ही सहज लिहिलं असेल. चोराच्या मनात चांदणं.

जुनं पत्र्याचं पिंप धुऊन घेतलं आहे. एका वेळी बारा विटा बसतात. वीट आत सोडली की आधी एकदम फसफसते, मग बुडबुड्यांची माळ लागते, मग एकेक, चुकार. संपला असं वाटतं तोच आणखी एक येतो. पंधरा-वीस मिनिटं जातात. मी पिंपाशेजारी स्टूल टाकून बसते. कुणाशी बोलायचं नाही, कुठे जायचं नाही, त्यामुळे शेवटच्या बुडबुड्यापर्यंत थांबायला मला काही अडचण नाही. तेव्हा हेच जमलं नव्हतं.

विसरले वगैरे मी खोटं लिहिलं होतं. किती वेळ भिजवायच्या ते मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. मी ताकाला येऊन भांडं लपवलं. आता भांडं पुढे करते.

डॉक्टरीणबाईंच्या बागेची भिंत. आदल्या दिवशी तुम्ही दोघं थापी हातात घेऊन बसून होता आणि मी हौदापाशी विटांचे बुडबुडे बघत होते. हे सगळ्यांसमोर ओरडले. दोन गवंडी रिकामे बसलेत आणि ही बाई तिथे मासे पकडतेय! डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांचा माळी हसला. तुम्ही हसला नाहीत, ते मी बघितलं होतं. हिवाळ्याचे दिवस होते. हौदातलं पाणी हाताला चावत होतं, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, आणि त्यात हे.

दुसऱ्या दिवशी मी विटा बुडवल्याच नाहीत. ढिगावर बादल्या ओतल्या, आठ-दहा, आणि उन्हात जाऊन बसले. मनात म्हटलं, घ्या, झालं लवकर. वरच्या विटा काळपट लाल झाल्या होत्या, बघणाऱ्याला वाटावं छान भिजल्यात. तुम्ही येऊन विचारलंत, "वहिनी, भिजल्या ना?"

मी म्हटलं, "बुडबुडे थांबेपर्यंत बुडवल्यात."

नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला ते एवढं चांगलं सांगता आलं याचा तेव्हा आनंद झाला होता, हेही लिहून टाकते.

मग तुम्ही लावायला लागलात. तुमचे दादा नेहमीसारखे दोन्हीकडचे कोपरे आधी रचून उचलत होते आणि तुम्ही दोरी धरून मधलं भरत होता. थोड्या वेळानं तुम्ही म्हणालात, माल जरा पातळ करा. मी केला. पुन्हा म्हणालात, अजून पातळ. तिसऱ्यांदा मी न सांगता पाणी ओतलं. तुम्ही मान वर केली नाहीत. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि माल मेल्यासारखा होतो, म्हणून तुम्ही पाणी वाढवून माझी चूक झाकत होता. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. मग वाटलं, नसेल. मला जे सोयीचं होतं ते मी वाटून घेतलं.

चौथ्या महिन्यात एका दुपारी वारा सुटला आणि कोपरे उभे ठेवून मधली भिंत गुलाबांवर आडवी झाली. डॉक्टरीणबाईंच्या कुत्र्याचा पाय गेला. आपल्याला बोलावलं. ह्यांनी पडलेली एक वीट उचलली, अंगठ्यानं माल घासला, तो पिठासारखा सांडला. डॉक्टरीणबाई विचारत होत्या हे कसं झालं. हे म्हणाले, "मधलं काम धाकट्याचं आहे. कोरड्या विटा लावल्यात त्यानं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, एकदाच. मी फुटलेल्या कुंड्या गोळा करत होते. मी गोळा करत राहिले.

"चुकलं माझं," तुम्ही म्हणालात.

आठ दिवसांत तुम्ही बिऱ्हाड हलवलंत. जाऊबाईंनी निघताना माझ्याशी बोलणं टाकलं आणि मी त्यांच्यावरच रागावून बसले. त्यानंतर ह्यांनी तीन-चार जोडीदार बघितले, एकही टिकला नाही. संध्याकाळी जेवताना कधीतरी मध्येच म्हणायचे, त्याचा थर कसा दोरीसारखा यायचा. मी भाजी वाढायची.

भावोजी, ती भिंत माझ्यामुळे पडली. बावीस वर्षं तुम्ही माझा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन हिंडलात. बकरीचं निमित्त आहे. मरायच्या आधी एक तरी भिंत नीट भिजवलेल्या विटांची घालावी आणि ती घालताना तुम्हाला हे सांगावं, म्हणून हा उद्योग आहे.

आज तिसरा थर झाला. पाठ धरली आहे. शिव्या द्यायच्या असतील तर कार्ड पुरणार नाही, पाकीट घ्या.

वहिनी


ता. ३ फेब्रुवारी, शनिवार

भावोजी,

तुम्ही पाकीट घेतलं नाहीत.

"विटांचं मला तेव्हाच माहीत होतं. कोरडी वीट हातात हलकी लागते. त्यासाठी पत्र नको होतं. दादाचं सांगा."

कार्ड मी भिंतीवर, आठव्या थरावर ठेवून वाचलं. मग स्टुलावर बसून राहिले. पिंपातल्या विटांचे बुडबुडे कधीच संपले होते, त्या मला दुपारी आठवल्या.

बावीस वर्षं जे लपवलं ते तुम्हाला पहिल्या तासातच कळलेलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण तुम्ही पुढे लिहिलंत, दादाचं सांगा. आणि विटांचं सांगणं त्यापुढे सोपं आहे. खरं तर एक मोठं सांगायला नको म्हणून मी दुसरं सांगत होते. ते तुम्हीच ओळखलंत.

सांगते. हे पत्र तुम्ही एकट्यानं वाचा.

हे पाच आठवडे अंथरुणावर होते. छातीचं दुखणं. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग टाकला होता. लेक येऊन-जाऊन होती, पण तिची नोकरी, तिची मुलं. बहुतेक वेळ आम्ही दोघंच. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी त्यांना पाणी पाजत होते तेव्हा म्हणाले, "धाकट्याला बोलाव. मला त्याच्याशी त्या भिंतीचं बोलायचंय."

माझ्या हातातलं भांडं खाली ठेवायला मला जागा सापडेना. वाटलं, हे विचारणार, तुम्ही सांगणार, आणि हे माझ्याकडे बघतील. चाळीस वर्षांच्या संसाराच्या शेवटी, पलंगावरून. तेवढंच दिसत होतं. मी म्हटलं, पत्र टाकते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, टाकलंस? मी म्हटलं, टाकलं.

तोंडातून असं सहज आलं, की मला हौदापाशी उभी असल्यासारखं वाटलं. सूनबाईचा फोन नंबर दारामागे खिळ्याला लटकवलेल्या वहीत होता. मी दिवसातून दहा वेळा त्या दारातून जात होते.

ते दिवस मोजायला लागले. पत्र पोचायला तीन दिवस, निघायला एक, यायला एक. पाचव्या दिवशी न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेतली. म्हणाले, तो मला असा बघायला नको. तुमच्यासाठी गादी उन्हात टाकायला सांगितली. मी टाकली. संध्याकाळी आत आणून तिच्यावर धुतलेली चादर घातली, चारी कोपरे नीट खोचले. तुम्ही येणार नाही हे घरात मला एकटीलाच ठाऊक होतं आणि मी उशीचा अभ्रासुद्धा बदलला. दारात पाय वाजला की हे मान वळवायचे. कधी शिंपी असायचा, कधी दूधवाला. शिंप्याला त्यांनी एकदा विचारलं, तिकडून येणारी गाडी आता किती वाजता येते? त्यानं सांगितलं. मग रोज त्या वेळेला ते उशीला टेकून बसायचे आणि गाडीची वेळ टळून तासभर झाला की मला म्हणायचे, आता आडवं कर.

असे अकरा दिवस.

बाराव्या दिवशी दुपारी त्यांनी टेकायला उशी मागितली नाही. मी आपणहून लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे. नाही येणार तो. त्याचं बरोबर आहे."

मी म्हटलं, पत्र उशिरा मिळालं असेल.

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग जे बोलले ते मी तुम्हाला जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुमच्यासाठी होतं, ते ऐकायला मी नको होते.

"कोपरे मी उचलले ना? मग विटा माझ्याही हातात होत्या. कोरड्या आहेत हे मला काय कळलं नसेल? पण आदल्या दिवशी मी तुला चारचौघांत बोललो होतो. पुन्हा बोलायची लाज वाटली. म्हटलं, माल पातळ करून भागेल. भिंत पडली तेव्हा डॉक्टरीणबाई विचारायला लागल्या, विटा कुणी भिजवल्या. तुझं नाव यायच्या आत मी त्याचं घेतलं. धाकटा आहे, सोसेल म्हटलं. त्यानं सोसलं. मला एकदा त्याला सांगायचं होतं, की मला माहीत होतं."

भावोजी, तेव्हा मी त्यांना सांगायला हवं होतं की मी पत्र टाकलेलंच नाही. तेव्हा तरी. लपवायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. तिघांनाही सगळं ठाऊक होतं आणि तिघांनी एकमेकांना जपून ते गिळलं होतं. पण अकरा दिवस मी त्यांना फसवत होते हे त्या चेहऱ्याकडे बघून माझ्यानं बोलवेना. मी म्हटलं, येतील हो ते.

त्यांनी माझा हात थोपटला. माझी समजूत घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारामागची वही काढली, सूनबाईचा नंबर फिरवायला घेतला, आणि आतून त्यांच्या श्वासाचा आवाज बदलला. मी फोन ठेवून आत गेले. नंतर तुम्हाला कळवलं ते हे गेल्याचंच.

तुम्ही धरून चाललात की दादानं शेवटपर्यंत मनात अढी ठेवली, मरतानाही बोलावलं नाही. ते धरून चालले की तुम्ही माफ केलं नाही. ते तुमच्यावर रागावून गेले नाहीत. लाजून गेले. तुम्ही दोघंही चुकीचं समजून बसलात, आणि दोघांनाही तसं समजू दिलं ते मी. डॉक्टरीणबाईंची भिंत पुन्हा बांधून झाली, तिथे आता वेल चढला आहे. या गैरसमजाचं मात्र मला काही करता येणार नाही. मी रोज पिंपाशी बसून बघितलं, काही सुचलं नाही.

माझ्या भिंतीचे आता चारच थर उरले आहेत, पुढच्या आठवड्यात होईल. तुम्ही येऊन बघा असं मी म्हणणार नाही. मला माफ करा असंही नाही, ते मागायचं तर तुमच्या दादांकडे मागायला हवं होतं. लेकीला मी रविवारी सगळं सांगणार आहे. ती मग इकडे ये म्हणेल की नाही, कोण जाणे.

तुमच्या त्या नऊ महिन्यांपूर्वीच्या कार्डाचं उत्तर एवढंच आहे. आता, जे पत्र मी टाकलं असं ह्यांना सांगितलं होतं, ते लिहिते. तेव्हा लिहिलं असतं तर दोनच ओळींचं झालं असतं.

भावोजी, दादा फार आजारी आहेत. तुमची वाट बघताहेत. मिळेल त्या गाडीनं या.

वहिनी